आधी प्रश्न, मग भाषणं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका शिलाई मशीन कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. माझी ती पहिलीच नोकरी. कंपनीचं विभागीय ऑफिस सीताबर्डीवर, एका कापड दुकानाच्या माडीवर होतं. जिना इतका अरुंद, की मशीनचं खोकं वर चढत असलं म्हणजे वरून येणाऱ्याला पुन्हा माघारी फिरावं लागे. मी नंदनवनाहून सिटीबसने यायची आणि दिवसभर विदर्भातल्या दुकानदारांना पाठवायची पत्रं टाइप करायची.

हे दुकानदार म्हणजे कंपनीचे विक्रेते. उमरेड, पुलगाव, वणी, गोंदिया, चांदा, जिथे म्हणून शिंपी होते तिथे आमचा एक तरी विक्रेता होता. वर्षातून एकदा, दिवाळी उरकली की लग्नसराईच्या तोंडावर, या सगळ्यांचा मेळावा नागपुरात भरे. भाड्याचा हॉल, हार-तुरे, मुंबईहून आलेले मोठे साहेब, आणि शेवटी पाटवडी रस्सा आणि संत्रा बर्फीचं जेवण. मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका मीच टाइप करायची. स्वागत, मुंबईच्या साहेबांचं भाषण, आमच्या साहेबांचं भाषण, नव्या मॉडेलची ओळख, बक्षीस वाटप, शंका-समाधान, भोजन. हा क्रम ठरलेला.

त्यातलं शंका-समाधान कधी व्हायचंच नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, भाषणं लांबली म्हणून राहिलं असेल. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. बक्षीस वाटप वेळेत संपलं होतं. तेवढ्यात आमचे साहेब पुन्हा माइकजवळ गेले आणि आभाराच्या निमित्ताने बोलतच राहिले, बोलतच राहिले. मागे ताटं मांडल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी माइक सोडला नाही. मग हसून म्हणाले, "आता पोटोबा! शंका काय, जेवता जेवताही विचारता येतील."

पण जेवताना ते मुंबईच्या साहेबांजवळ बसत. विक्रेते हातात ताट घेऊन एकमेकांनाच शंका विचारत.

"दरवर्षी बोलावतात अन् भाषण ऐकवतात," वणीचे एक विक्रेते माझ्यासमोरच म्हणाले. "आपलं काही ऐकाचं नसन, तं पोस्टानं पाठवा म्हणा भाषण."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण नवल एका गोष्टीचं वाटे. आमचे साहेब माणूसघाणे नव्हते. महिन्यातले निम्मे दिवस ते एस.टी.ने गावोगाव फिरत. दुकानदाराच्या बाकावर त्याच्याशेजारी बसायचं, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकायचं, चहा घ्यायचा, आणि मशीन अडलं असेल तर बाह्या सरसावून स्वतःच खोलायचं. दुकानात आलेला हा माणूस विक्रेत्यांना आवडायचा. हॉलमध्ये मात्र तो असा का वागतो, ते कुणाला कळत नव्हतं.

आमच्या विक्रेत्यांमध्ये एकच बाई होती. उमरेडची. चाळिशीच्या आतबाहेरची, शिडशिडीत, बोलणं मऊ. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली. नवरा गिरणीत होता, तो आजारपणात गेल्यावर ती माहेरी उमरेडला आली, शिवणाचा क्लास काढला, आणि क्लासमधल्या पोरी मशीन कोणतं घेऊ म्हणून विचारू लागल्या तेव्हा तिने थेट एजन्सीच मागितली. ती आमच्या साहेबांनीच मिळवून दिली होती. मेळाव्यात ती पहिल्या रांगेच्या टोकाला बसायची. दोन्ही वर्षी शंका-समाधानाच्या वेळेला तिने हात वर केल्याचं मी पाहिलं होतं.

तिसऱ्या वर्षी तिने हात वर केला नाही. ती सरळ उभी राहिली.

दिवाळीआधीच बाजारात गेलेल्या नव्या मॉडेलची ओळख नुकतीच संपली होती. स्टेजवर मशीन मांडून ठेवलेलं होतं. साहेब पुढचं नाव पुकारणार तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, मले एक इचाराचं होतं. नव्या मशिनीत दोरा गुंतून राहिला. बॉबिनची डबी ढिली बसते. गिऱ्हाईक मशीन वापस आणून देतात. कंपनी त्या डब्या बदलून देईन का?"

साहेबांनी हसून तिच्याकडे पाहिलं. मान डोलावली. म्हणाले, "हो, हो, जरूर! लग्नसराईच्या आधी तुमचा माल पोचलाच म्हणून समजा."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं आणि हॉलभर हशा पिकला. साहेबांना वाटलं, आपण काही गमतीचं बोललो. तेही हसले. ती तशीच उभी होती. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं तेव्हा ती खाली बसली आणि पदर सारखा करत राहिली.

ती जेवायला आली नाही. मी तिला शोधत गेले, तर हॉलच्या मागे हात धुवायच्या नळाजवळ पिशवी घेऊन उभी होती.

"जेवून जा ना, बाई," मी म्हटलं.

"नाई वं पोरी. उमरेडची गाडी भेटली पाहिजे."

"साहेबांचं लक्ष नसेल. मी सांगते त्यांना."

ती अगदी हळू म्हणाली, "लक्ष नसाले काय झालं? माझ्याकडे पाहून तं बोलले. बाकीच्यायचं आयकतात दुकानात बसून. माझ्या दुकानात येतात तं उभ्या उभ्या चालले जातात. आमचं कोणी आयकत नाही, त्याची सवय हाय मले. लहानपणापासून हाय. पण यायनं एजन्सी देल्ली, तवा मले वाटलं होतं का इथं तसं नसन." मग पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "वर्ष संपलं का मी एजन्सी वापस करतो."

ती फाटकातून बाहेर पडून रिक्षाकडे गेली, आणि मी हॉलमध्ये आले तेव्हा साहेब मुंबईच्या साहेबांना बर्फीचा आग्रह करत होते. मला त्यांचा इतका राग आला, की त्यांच्या हातून मी बर्फी घेतली नाही.

तो राग दुसऱ्या दिवशीही उतरला नव्हता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एक जुनी फाइल काढायला सांगितलं. कपाट त्यांच्या खुर्चीच्या मागे. त्यांच्याकडे पाठ असल्यामुळे मला जरा धीर आला. फाइल शोधता शोधता मी बोलू लागले. म्हटलं, काल त्या उमरेडच्या बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी डबीचं विचारलं, तुम्ही मालाचं बोललात. सगळे हसले. त्या न जेवता गेल्या. एजन्सी सोडायचं म्हणतात. मी बोलत गेले, आणि शेवटी ठरवलं होतं त्याहून जास्तच बोलून गेले, की साहेब, तुम्ही असं करायला नको होतं.

मागून काही उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपली आपली नोकरी. वळून पाहिलं तर साहेब खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत चहा पीत होते. अगदी निवांत. मी पुढे येऊन उभी राहिले तेव्हा दचकले आणि म्हणाले, "सापडली का गं?"

मी फाइल टेबलावर ठेवली. त्यांच्या समोर उभी राहून, नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "साहेब, मी आत्ता तुमच्याशी बोलत होते."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. आणि त्यांना कळलं की मला कळलं.

त्यांनी कप खाली ठेवला. दार लोटून घ्यायला सांगितलं. मग टेबलाचा खण उघडून काड्यापेटीपेक्षा जरा मोठी अशी एक डबी काढली. तिला वायर होती आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंड.

"खिशात ठेवायची असते ही," ते म्हणाले. "ठेवली की शर्टाची घडीसुद्धा खरखर ऐकू येते. पंखा ऐकू येतो. माइकजवळ गेलं की शिटी मारते. फक्त माणूस बोललेला ऐकू येत नाही." त्यांनी ती परत आत सारली. "पुरुषांचा जाड आवाज कळतो मला, समोर बसून बोलले तर. बायकांचा नाही कळत. तुझाही अर्धाच कळतो. बाकीचा मी तोंडावरून ताडतो."

"आणि हॉलमध्ये?"

"हॉलमध्ये नुसता गलका. कोण उभं राहिलं ते दिसतं, ओठ दिसत नाहीत. म्हणून तर..." त्यांनी हात हवेत फिरवला. म्हणजे भाषणं लांबवणं, जेवणाची घाई, सगळं त्या हातात आलं.

"मुंबईला सांगितलं नाही का तुम्ही?"

"सांगितलं तर मला टेबलाला बांधतील. फिरणं बंद. मग मी करू काय?"

मी मघाशी पाठमोरी जे बोलले होते ते त्यांना समोर उभं राहून पुन्हा सांगितलं. हशा पिकला तो कशामुळे, हे त्यांना तेव्हाच कळलं. मग नळाजवळचं बोलणं सांगितलं. आमचं कोणी ऐकत नाही त्याची सवय आहे, असं त्या म्हणाल्या, हे सांगितलं, तसा त्यांचा चेहरा बदलला.

"ती असं समजली?"

"दुसरं काय समजणार? तुम्ही बाकीच्यांच्या दुकानात तासभर बसता."

"अगं, तिचा आवाज मला बिलकुल लागत नाही. म्हणून मी पळ काढतो तिथून." ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "तिने असं समजायला नको होतं. मला बहिरा म्हणाली असती तरी चाललं असतं."

त्याच आठवड्यात आम्ही उमरेडला गेलो. साहेबांनी मला सोबत घेतलं, कारण, म्हणाले, तिथे मला कान लागेल.

बाईचं दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. मागच्या पडवीत क्लास चाले. पोरी मशीन चालवत होत्या. आम्हाला पाहून तिने आदराने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पण चेहऱ्यावर ओळखीचं हसू नव्हतं. साहेबांनी खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर घेतली.

"बाई," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला कळलंच नव्हतं. तुमचा अपमान करायचा माझ्या मनात नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"बिलकुलच नाही येत?" तिने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने, त्यांच्याकडे तोंड करून तिचा प्रश्न सांगितला.

"येतं थोडं. तुमचा आवाज नाही येत."

पडवीतलं एक मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मला वाटलं होतं, आता तिचा राग जाईल, ती चहा ठेवेल आणि सगळं गोड होईल. पण ती म्हणाली, "मंग सांगतलं काहून नाही? इतके दिवस मी रातीचा इचार करो, का माझं काय चुकलं."

मी ते सांगितलं. साहेब म्हणाले, "लाज वाटली."

"लाज तं मलेही वाटली. हॉलमधी." तिचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि मला वाटतं साहेबांना तो थेट ऐकू आला. "तुमी इथं येऊन मले एकटीले सांगतलं, चांगलं केलं. तुमाले एवढ्या दूर याची गरज नव्हती, तरी आले. पण हसले ते सगळ्यायसमोर हसले. माझा प्रश्न तिथंच पडून हाय, साहेब."

साहेब म्हणाले, "पुढच्या मेळाव्यात तुम्ही पहिला प्रश्न विचारा. एजन्सी तोवर ठेवा."

तिने हो किंवा नाही म्हटलं नाही. आत जाऊन चहा मात्र टाकला.

वर्ष गेलं. मेळाव्याची पत्रिका टाइप करायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मला क्रम सांगितला. स्वागत. चहा. मग शंका-समाधान. भाषणं त्यानंतर. मी दोनदा विचारून घेतलं. ते म्हणाले, "आधी प्रश्न. मग जे भाषण उरेल ते."

मुंबईचे साहेब सकाळच्या गाडीने आले. पत्रिका पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लोकांना आधी बोलायला दिलं तर तक्रारींचाच पाऊस पडेल," ते म्हणाले. आमचे साहेब म्हणाले, "पडू द्या." हे त्यांना ऐकू आलं होतं, कारण मुंबईच्या साहेबांचा आवाज खर्जातला होता.

चहा झाला. लोक हॉलमध्ये बसले. मी स्टेजवर, साहेबांच्या समोर जरा तिरपी, दुसरा माइक घेऊन उभी राहिले. साहेब बोलायला उठले.

"मित्रहो, गेल्या काही वर्षांत आपण शंका-समाधान कधी केलं नाही. दोष वेळेचा नव्हता. मला ऐकू येत नाही. दुकानात तुमच्याजवळ बसून निभतं, इथे निभत नाही. ते लपवण्यासाठी मी भाषणं ताणत होतो. आज तुम्ही जे विचाराल ते या बाई माइकवर पुन्हा सांगतील. मी त्यांच्याकडे पाहून समजून घेईन. वेळ लागेल. लागू द्या."

मुंबईचे साहेब हातातल्या कागदाकडे बघत होते. मला वाटलं, आता कुणी काही विचारणारच नाही. तेवढ्यात चांद्याचे विक्रेते, अंगाने दणकट आणि स्वभावाने खट्याळ, मागून ओरडले, "मंग साहेब, घरी वहिनी बोलतात तवा काय करता?"

लोक हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता हे माइकवर कसं सांगावं? पण सांगायचं असंच ठरलं होतं. मी सांगितलं. माझे कान तापले होते.

साहेब म्हणाले, "तिथे मी सुखी आहे."

त्यानंतर जो हशा झाला त्यात सगळे होते, मुंबईचे साहेबसुद्धा. साहेबांनी हात वर करून शांत केलं आणि पहिल्या रांगेच्या टोकाकडे पाहिलं. "पहिला प्रश्न उमरेडच्या बाईंचा. तो गेल्या वर्षीपासून राहिला आहे."

ती उभी राहिली. तेच शब्द, त्याच मऊ आवाजात. नव्या मशिनीत दोरा गुंततो. बॉबिनची डबी ढिली बसते. गिऱ्हाईक मशीन परत आणतात. बोलून झाल्यावर ती साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत होती, मी नीट सांगते की नाही म्हणून. मी एकेक शब्द सांगितला.

साहेबांनी तिला लगेच उत्तर दिलं नाही. हॉलला विचारलं, "हे आणखी कुणाकडे झालं आहे?"

आधी पुलगावच्या विक्रेत्याने हात वर केला. मग गोंदियाच्या. मग वणीच्या. हात वर होत गेले आणि लोक वळून वळून एकमेकांकडे बघू लागले.

"आमाले वाटलं, आमच्याच खोक्यात तसा माल आला," गोंदियाचे म्हणाले.

"मी तं शिंप्यालेच रागावलो गा," वणीचे म्हणाले. "म्हटलं, तुले मशीन चालवता येत नाही."

मग कुणाला थांबवणं शक्य नव्हतं. एकजण उभा राहिला, दुसरा राहिला. कुणी बोलताना बसूनच बोलले, कुणी माइकपाशी आले. पट्ट्याच्या, तेलाच्या, रंग उडण्याच्या तक्रारी निघाल्या. मी सांगत होते, साहेब ऐकत होते, माहीत असेल त्याचं उत्तर देत होते, माहीत नसेल तिथे "मला माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणत होते. मुंबईचे साहेब सुरुवातीला घड्याळाकडे बघत होते. मध्येच कधीतरी ते उठले, स्टेजवर मांडलेल्या त्याच मॉडेलच्या मशीनजवळ गेले, डबी काढून बोटांनी हलवून पाहिली, आणि त्या बाईला वर बोलावलं. ती आली, दोरा ओवला आणि शिवून दाखवलं. दोरा गुंतला. त्यांनी पुन्हा शिवायला सांगितलं. पुन्हा गुंतला. डबी त्यांनी रुमालात बांधून खिशात टाकली.

पाटवडीचा रस्सा दोनदा गरम करावा लागला. मुंबईच्या साहेबांचं भाषण झालंच नाही. बक्षिसं जेवता जेवता वाटली.

पुढे डब्या बदलून आल्या, पण लगेच नाही. पावसाळा निघून गेला तेव्हा खोकी आली, आणि तीही पुरेशी नव्हती. काही विक्रेते तोवर चिडून दुसऱ्या कंपनीकडे गेले होते. मुंबईत साहेबांच्या कानाची गोष्टही पोचली, आणि त्यांना जी धास्ती होती तेच झालं. वर्षाच्या आत त्यांच्या जागी फिरतीवर एक तरुण अधिकारी आला, साहेबांना ऑफिसातलं काम दिलं. पहिले काही महिने ते फार उदास असत. एस.टी.च्या वेळा त्यांना पाठ होत्या. दुपारी एकदम म्हणायचे, "आता वणीची गाडी सुटली असेल."

पण विक्रेते येऊ लागले. नागपूरला मालासाठी आले की जिना चढून वर यायचे, त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसायचे आणि मोठ्याने, सावकाश बोलायचे. कधी कधी इतक्या मोठ्याने, की खालचा कापड दुकानदार माणूस पाठवून विचारी, वर भांडण चाललं आहे का. साहेबांचा चेहरा त्या वेळी खुललेला असे.

उमरेडच्या बाईने एजन्सी सोडली नाही. ती आली की साहेबांच्या समोर न बसता माझ्या टेबलाशी खुर्ची घ्यायची आणि म्हणायची, "सांग वं त्यायले." मी सांगायची. कामाचं संपलं तरी ती उठायची नाही. क्लासमधल्या पोरींचं सांगायची, कुणाचं लग्न ठरलं, कुणी स्वतःचं मशीन घेतलं. माझं टाइपिंग तसंच पडून राहायचं. साहेब समोरून तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत असायचे, आणि मी एखादा शब्द गाळला की त्यांना बरोबर कळायचं. "मध्ये काय म्हणाल्या त्या?" ते विचारायचे. मग ती हसायची, आणि तो गाळलेला शब्द स्वतःच, जरा आवाज चढवून, त्यांना सांगायची.